मुतखडा

श्यूर्डने सव्वीस वर्षं पाइप फोडले.
म्हणजे आतून:
छिन्नी, हातोडी, कपाळावर दिवा,
आणि मनगटाएवढ्या उरलेल्या भोकातून
पलीकडचा उजेड दिसेपर्यंत ठोकत राहायचं.

आमचं गाव समुद्राच्या दीड मीटर खाली.
फ्रीसलंडमध्ये पाणी आपणहून कुठेच जात नाही,
पाऊस असो की मूत, ढकलावं लागतं.
नऊ हजार घरांचं सांडपाणी टाक्यांत कुजतं, गॅस सोडतं,
आणि पाइप जिथे कोपर दुमडतो
तिथे पांढरा दगड धरतं,
किटलीत क्षार धरतो तसा, न चुकता.
श्यूर्डने त्याला एक नाव ठेवलं होतं.
ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दगड कचऱ्याच्या गाडीत जायचा,
निसटलेलं फॉस्फेट कालव्यात.
जूनमध्ये कालवा वाटाण्याच्या सारासारखा,
हिरवा, जाड.
बदक गेलं की मागे काळी रेघ राहायची
आणि मिटायला वेळ लावायची.
पोहायच्या पायऱ्यांवर पिवळी पाटी.

मी आले त्या वर्षी श्यूर्ड निवृत्त झाला
आणि मनोरा आला.
स्टीलचा, वर रुंद, खाली निमुळता.
थेंबाथेंबाने मॅग्नेशियमचं मीठ,
तळातून हवेचे बुडबुडे,
आणि सामू रात्रभर तान्ह्या पोरासारखा जपायचा.
जो दगड इतकी वर्षं चोरून बसत होता
त्याला आम्ही रीतसर जागा दिली:
इथे बस.

सहाव्या दिवशी झडप उघडली.
साबुदाण्याएवढे दाणे, ओले, करडे.
मी वास घेतला. वास नव्हता.
पुन्हा घेतला.
नाकाला खरं वाटेना.

श्यूर्ड सायकलवरून आला, चार महिन्यांनी.
पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
बाजारात गहू बघावा तसा.
“हा तोच?”
“तोच.”
“मग मी काय करत होतो, हिंके?”
मी महिन्याचे आकडे सांगू लागले,
आणि अर्ध्यात गप्प झाले.

त्याने खिशातून फिल्मची जुनी डबी काढली. आत दोन खडे.
एक एकोणनव्वद सालचा, पाच नंबरच्या पंपामागचा,
त्याने फोडलेला पहिला.
दुसरा त्याच्या डाव्या मूत्रपिंडातला.
डॉक्टरीण म्हणाली होती, रसायन एकच,
आणि तो टाके दुखेपर्यंत हसला होता.
तेव्हापासून कानाला खडा:
पाणी प्यायचं, भरपूर.
“ओळख,” म्हणाला, “कुठला कुठला.”
मला ओळखता आलं नाही.

पोतं देणं नियमात बसत नव्हतं,
शिक्का अजून यायचा होता.
झाडलोटीतले दाणे दिले, त्याच डबीत मावतील तेवढे.
सांगितलं, हा पावसाला दाद देत नाही,
आठवडेच्या आठवडे पडून राहतो हट्टाने.
मूळ जवळ येऊन आंबट थेंब सोडतं
तेव्हा कुठे सुटतो,
मागितला तेवढाच.
“माझ्यासारखा,” श्यूर्ड म्हणाला.
त्याची बायको असती तर म्हणाली असती, खोटं.

कालवा अजून हिरवाच आहे.
थोडा पातळ झालाय, असं पाटी लावणारा म्हणतो.
पलीकडच्या चारशे गायी
आमच्या मनोऱ्याचं ऐकत नाहीत.

सप्टेंबरात फाटकाला लीकची जुडी अडकवलेली,
दोरीला चिठ्ठी: धुऊन खा.
घरी नेली. मुळांची दाढी तशीच होती, मातीसकट,
आणि तिच्यात अडकलेला एक दाणा,
अर्धा झालेला,
केसाएवढ्या मुळांनी
चहूबाजूंनी कोरलेला. छिन्नीचा आवाज नाही, काही नाही.

म्हटलं, ठेवावा जपून.
पण तेवढ्यात नळ सोडला होता,
आणि तो मातीबरोबर मोरीत गेला.
जाऊ दे.
गुरुवारपर्यंत कामावर भेटेल.